निर्मलाबाईचं नाक

बिरसीच्या फाट्यावर निर्मलाबाई रहांगडालेची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, पुढं चार बाकं, मागं सारवलेला ओटा, आणि ओट्याला लागूनच धानाचे बांध. डोक्यावरून दिवसभर शेजारच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरापोरींची छोटी विमानं घिरट्या घालत असतात. पहिल्यांदा येणारा माणूस घास हातात धरून वर बघत बसतो. गावातल्या म्हशी मात्र आता मानसुद्धा वर करत नाहीत. विमानतळाच्या गेटवरचे पहारेकरी, धानाचे ट्रक नेणारे ड्रायव्हर, रस्त्याच्या कामावरचे मुकादम, सगळे इथं जेवतात. तिच्या हातची पाटोडी, म्हणजे झणझणीत रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या वड्या, खायला लोक गोंदियाहून गाडी काढून येतात. पण पाटोडीच्याही आधी पंचक्रोशीत नाव झालं होतं ते निर्मलाबाईच्या नाकाचं.

ते नाक साधं नव्हतं. कोणी चिन्नोर म्हणून महागाचा तांदूळ घेतला की आधी मूठभर तिच्याकडं आणायचा. ती दाणे तळहातात घेऊन दोन्ही हातांनी चोळायची, ओंजळ नाकाशी न्यायची आणि डोळे न मिटताच सांगायची, "चिन्नोर आहे, पन मागच्या सालचा. आन् अर्धा दुसराच मिसळला आहे." गोंदियाच्या बाजारात गुलाबचंद नावाचे किराणा व्यापारी आहेत. निर्मलाबाई दुकानाची पायरी चढताना दिसली की ते गादीवरून उठूनच सांगत, "बाई, आप सूंघो मत. कौन सा डिब्बा पुराना है, मैं खुद बता देता हूँ."

घरातही तेच. नवरा सेवकराम बांधावर बिडी ओढून, तोंड धुऊन, वर पेरूचं पान चावून आला तरी ती दारातूनच म्हणायची, "किती ओढल्या? दोन?" सून टीना गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. मुलगा योगराज नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांची गाडी चालवतो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो, त्यामुळं टीनाचे दिवस सासूबरोबर खानावळीतच जात. पण लग्नाला चार वर्षं होऊनही निर्मलाबाईनं तिला तिथल्या चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. कांदे चिरायचे, ताटं लावायची, पाणी भरायचं. फोडणी नाही. "तिच्या हाताले वासच नाही," असं ती शेजारणींना टीनाच्या देखतच सांगायची. टीना ऐकून घ्यायची. कांदे मात्र जरा जोरात चिरायची.

कोरोना आला आणि गेला, तेव्हा निर्मलाबाईला शिंकसुद्धा आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, धानकापणीच्या दिवसांत, साधाच सर्दी-ताप आला. आठ दिवस अंथरुणावर काढून नवव्या दिवशी ती उठली, अंघोळ केली आणि पदर खोचून चुलीपुढं उभी राहिली. चहाचं दूध ठेवलं. मागच्या अंगणातून टीना धावत आली.

"मम्मी, दूध जल रहा है!"

निर्मलाबाई पातेल्यापासून हातभर अंतरावर, हातात पळी धरून उभी होती. तिनं खाली पाहिलं. दूध तळाला धरून करपलं होतं, कडेनं काळपट खरपुडी चढली होती. ती वाकली. पातेल्यात तोंड घातल्यासारखं वाकली. काहीच नाही. वाफ लागली, वास नाही.

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

टीना गेल्यावर तिनं लसणाची पाकळी चावून पाहिली. जीभ भाजली, बस. वरणाचा चमचा तोंडात घेतला. मीठ होतं, तिखट होतं, आंबट होतं. पण वरण कुठंच नव्हतं.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. तीस वर्षं तिचा हात चालत आला होता, तो आपोआप चालत राहिला. डाळीला किती हळद, रश्श्याला किती खडा मसाला, हे हाताला ठाऊक होतं. मोहरी कधी तडतडली ते कानाला कळत होतं, कांदा कधी लाल झाला ते डोळ्याला. दीड महिना असा निभावला. गिऱ्हाइकं जेवत होती, ढेकर देत होती. तिला वाटलं, निभेल. येईल वास परत, कोणाला कळायच्या आत.

मग एका सोमवारी खोबरं खवट निघालं. वाटीचा रंग नीट, वरून काही दिसत नव्हतं. पूर्वी पोतं उघडताच तिला कळलं असतं. आता तिनं ते भाजलं, वाटलं आणि रश्श्यात घातलं. दुपारी जागेश्वर आला. गेटवरचा पहारेकरी, दहा वर्षांपासून रोज इथं जेवणारा. त्यानं पहिला घास घेतला, पाणी प्यायला आणि हात जोडले.

"आज पोट ठीक नाही जी, बाई."

त्याच्यामागून दोन ड्रायव्हर. त्यांनीही भात तेवढा खाल्ला आणि पाटोडी बाजूला सारली. मग तिसरं ताट परत आलं. कोणी एक शब्द बोललं नाही, आणि निर्मलाबाईला तेच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं दोन परत दिल्या असत्या. ही माणसं तिला सांभाळून घेत होती.

टीनानं रश्श्यात बोट बुडवून चाटलं आणि सासूकडं पाहिलं.

"मम्मी... खोबरं."

"काय झालं खोबऱ्याले?"

"खवट आहे." तिनं बोट पदराला पुसलं. "आपको वास नाही येत?"

भर दुपारच्या गर्दीत निर्मलाबाई खाली बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच टीना तिला जेवणाच्या वेळी बसलेली पाहत होती.

"दीड महिना झाला," निर्मलाबाई म्हणाली.

 टीनानं पातेलं उचलून रस्सा मागच्या खड्ड्यात ओतला, कढई घासली, तेल चढवलं. टमाटर आणि बटाट्याचा साधा रस्सा वीस मिनिटांत केला आणि बाकावर बसलेल्यांना वाढला. माणसांनी पुन्हा भात मागून घेतला. निर्मलाबाई कोपऱ्यातून पाहत होती. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि ठेवायला नाकही नव्हतं.

संध्याकाळी सेवकरामला कळलं. तो मोजक्या शब्दांचा माणूस. "नाकच गेलं ना?" तो म्हणाला. "पाय तं आहेत. सकाळी गाडीवर बस, दवाखान्यात जाऊ."

गोंदियातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईचं नाव प्रेरणा. वयानं टीनाएवढी. तिनं बारीक दिवा आत घालून नाक तपासलं आणि म्हणाली, "आतून सगळं स्वच्छ आहे. वास ओळखणारी नस तापात दुखावली आहे."

"मंग गोळी द्या."

"याला गोळी नाही, मावशी. सराव आहे. चार वासाच्या वस्तू घ्यायच्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरीचं तेल. सकाळ-संध्याकाळ, एकेक वस्तू नाकाशी धरून वीस सेकंद हळूच श्वास घ्यायचा."

"अन् वास आलाच नाही तं?"

"तरी घ्यायचा. आणि तो वास कसा होता ते आठवायचं. नुसतं नाकपुड्या फुगवून उपयोग नाही, मन तिथं पाहिजे. चार महिने लागतील, वर्ष लागेल. अर्धा येईल, सगळा येईल. मी शब्द देत नाही."

निर्मलाबाईनं विचार केला. "निलगिरी मी कायले हुंगू? माझ्या काय कामाची ते? आन् गुलाब आमच्याकडं हाराले असते."

डॉक्टरीण हसली. "मग तुमच्या कामाच्या घ्या. पण वास ठसठशीत पाहिजे."

चार डब्या तयार झाल्या. लवंग, लिंबाची साल, वाळवलेली मोहफुलं आणि चिन्नोर तांदूळ. तांदळाचा वास फार मंद म्हणून डॉक्टरीण नको म्हणाली होती. निर्मलाबाईनं ऐकलं नाही. चूल पेटवायच्या आधी ती मागच्या ओट्यावर बसायची, टीना एकेक डबी उघडून द्यायची आणि मोबाइलवर वीस सेकंद लावायची.

पहिला आठवडा भिंत हुंगल्यासारखा गेला. निर्मलाबाईला राग आला, लाजही वाटली. शहाण्या बाईनं सकाळी उठून रिकामी हवा हुंगत बसायचं! पण तिचा स्वभावच असा, की एकदा हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं जमत नसे.

"मम्मी, डॉक्टर बोली थी ना, आठवायचं," टीना म्हणाली. "लिंबू म्हटलं की काय आठवते?"

"लिंबू म्हटलं की लिंबू आठवते."

"नाही, खरंच. कुठं होता तुम्ही? कोण होतं?"

निर्मलाबाईनं डबी मांडीवर ठेवली. मग हळूहळू म्हणाली, "नागऱ्याची जत्रा. मी सात-आठ सालची असन. बाप खांद्यावर घेऊन होता. देवळाच्या मांगं एक बाई लिंबाचं सरबत विकत होती. बापानं अर्धा गिलास पेला आन् अर्धा मले देला. मी रडली, का मले पुरा पायजे. तं त्यानं लिंबाचं फोडलेलं टरफल माझ्या बोटात अंगठीसारखं घालून देलं. घरी येईपर्यंत मी बोट हुंगत होती."

 हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला आठवलंच नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षांत हजारो लिंबं तिनं पिळली असतील. एकाही लिंबाच्या वेळी बापाचा खांदा आठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लवंग. लवंगेबरोबर सासरा आला. गालात कायम लवंग धरणारा, फटकळ म्हातारा. लग्नानंतर सहा महिन्यांनी तो पहिल्यांदा तिच्या हातची भाजी खाऊन म्हणाला होता, "ही पोरगी उपाशी नाही मारनार." एवढंच. पण त्या दिवशी तिनं उरलेली भाजी स्वतः खाल्ली नव्हती, जावेला दाखवायला ठेवली होती. टीना हसून लोळायची तेवढी राहिली.

मोहफुलांच्या डबीतून रुख्माबाई आली. नागझिऱ्याच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या गावातली गोंड बाई, निर्मलाबाईची मैत्रीण. ती दरसाल टोपलीभर वाळलेला मोह घेऊन यायची आणि बदल्यात तांदूळ न्यायची. एकदा निर्मलाबाई तिच्याकडं मुक्कामाला गेली होती. सकाळी दोघी मोह वेचायला गेल्या. झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडलेला. रुख्माबाईनं पहिलं फूल उचलायच्या आधी खोडाला हात लावला आणि गोंडीत काहीतरी पुटपुटली.

"मी म्हटलं, काय बोलली वो झाडासंगं?" निर्मलाबाई सांगत होती. "तं म्हने, काही नाही, घेऊन राहिली म्हनून सांगितलं. मी लय हासली तिले. म्हटलं, झाडाले काय कान आहेत? तं ते म्हने, तुले तोंड आहे ना."

टीना हसली नाही. निर्मलाबाईही नाही. ती डबीतली सुरकुतलेली फुलं बोटानं उलटीपालटी करत राहिली.

त्या सकाळी, भाजी निवडताना, तिच्या मनात एक गोष्ट आली आणि ती गेलीच नाही. आपण आयुष्यभर नाक कोतवालासारखं वापरलं. चोर पकडायला. कुठं करपलं, कुठं खवट, कोणी बिडी ओढली, कोणी भेसळ केली. चांगला वास आला तर तो यायलाच पाहिजे होता, त्यात काय सांगायचं! तीस वर्षं रोज सकाळी कढईत जिरं पडलं, आणि एकदाही आपण थांबून म्हटलं नाही की वा.

आता थांबण्यावाचून इलाज नव्हता. वास नव्हता, तर बाकीचं काय काय आहे ते ती पाहू लागली, आणि पाहायला लागल्यावर निघतच गेलं. मोहरी एकदम तडतडत नाही. आधी एक दाणा उडतो, मग दोन, मग सगळ्या. थंडीत माठातलं पाणी तोंडात घेतलं की दातांच्या मुळाशी गोडसर गार लागतं. तांदूळ धुताना पहिलं पाणी दुधासारखं, तिसरं नुसतं धुकं. दुपारी दोनला गर्दी ओसरली की ओट्यावर ऊन अगदी पाठीच्या उंचीला येतं आणि तिथं पाय सोडून बसलं की कंबर आपोआप सैल होते. एखादं छोटं विमान वळताना त्याची सावली बांधावरून सरकते. बगळे तिला घाबरून उडतात आणि त्याच जागी परत बसतात.

ती हे मनात ठेवणारी बाई नव्हती. संध्याकाळच्या सरावाच्या वेळी डब्या झाकून झाल्या की ती टीनाला सांगायची, आज काय काय बरं वाटलं. आणि मग ओलीस धरल्यासारखं टीनाकडून वसूल करायची. "आता तू सांग. एक तरी सांग. जेवलीस ना, झोपलीस ना, मंग काहीतरी असनच." टीना आधी लाजायची. मग सांगू लागली. रिक्षावाल्यानं आज ओळख नसताना थांबून पिशवी उचलून दिली. योगराजचा फोन आला, त्यात मागं मोर ओरडत होता. एकदा ती म्हणाली, "आज तुम्ही मला फोडणी द्यायला सांगितलं."

कारण फोडणी आता तीच द्यायची. सासू हातानं मापं टाकायची, सून चाखून सांगायची. पहिले काही दिवस टीना घाबरून "चांगलं आहे" एवढंच म्हणायची. निर्मलाबाईनं कानउघाडणी केली. "चांगलं म्हंजे काय? माझी जीभ आहेस तू आता. जिभीनं लाजून कसं चालन?" तेव्हापासून टीना धडाधड सांगू लागली, धणे कमी, लसूण कच्चा, आज रस्सा एक नंबर. तिच्या जिभेला धार होती. चार वर्षं ती धार कांद्यावर वाया गेली होती, आणि हे निर्मलाबाईनं जागेश्वर, दोन ड्रायव्हर आणि एका मुकादमासमोर मोठ्यानं कबूल केलं. "पोरगी माझ्याहून बरी चाखते," ती म्हणाली. "मीच आंधळी होती." टीना पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली.

सेवकरामही सकाळच्या चहाला ओट्यावर येऊन बसू लागला. एकदा त्यानं गुपचूप लिंबाची डबी उघडली, नाकाशी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"तुमचं नाक तं चांगलं आहे जी," निर्मलाबाई म्हणाली. "तुम्ही काऊन हुंगून राहिले?"

"चांगलं आहे म्हनूनच," तो म्हणाला. "साठ साल झाले, असा बसून एक लिंबू नाही हुंगला."

होळीच्या आधी मसाल्याचं सामान आणायला नवरा-बायको दोघं गोंदियाला गेली. गुलाबचंद सवयीनं गादीवरून उठले. निर्मलाबाईनं हात वर केला.

"बसा शेटजी. मले आता वास येत नाही. चार महिने झाले. डबे सून चाखून पाहते."

गुलाबचंद पाहतच राहिले. "मतलब, चार महिने से हम फालतू में डर रहे थे?"

"फालतू नाही. सून माझ्याहून तेज आहे."

त्यांनी हसत हसत तिला जुन्या गिऱ्हाइकाचा मान म्हणून खुर्ची दिली आणि वेलदोड्याचा चहा मागवला. तिला वेलदोडा कळला नाही. कप गरम होता, हाताला बरा वाटला. शेजारच्या दुकानदारानंही तिच्या नाकाची विचारपूस केली. लपवलेली गोष्ट सांगून टाकल्यावर एवढं हलकं वाटेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर, शहर संपता संपता, उसना तांदूळ करणारी एक गिरणी लागते. उसना म्हणजे धान भिजवून, वाफवून, मग भरडलेला. तिथल्या टाक्यांतलं पाणी नालीत सोडतात तेव्हा अख्खा रस्ता नाकाला रुमाल लावतो. सेवकरामनं श्वास रोखून गाडीचा वेग वाढवला. तेवढ्यात पाठीवर धपाधप हात पडले.

"थांबा! थांबा जी! गाडी थांबवा!"

त्याला वाटलं हिला चक्कर आली. गाडी थांबायच्या आत निर्मलाबाई उतरली आणि सरळ नालीच्या काठाशी जाऊन उभी राहिली. तोंड वर, डोळे मिटलेले. तिनं छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक.

"वास येऊन राहिला," ती म्हणाली. "सडका! पुरा सडका! आंबलेला, कुजलेला, मोरीसारखा!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सायकलवरून नाक दाबून जाणाऱ्या दोन बाया थांबल्या. गिरणीच्या फाटकातून चौकीदार बाहेर आला. वासाबद्दल तक्रार करायला येणारी माणसं त्याला नवी नव्हती. तो दुरूनच म्हणाला, "बाई, पानी उद्या सोडनार नाही, मालकाले सांगितलं आहे."

"सोडा!" निर्मलाबाई ओरडली. "आज तं सोडा!"

सेवकराम नाकाला पंचा लावून, बायकोच्या शेजारी, नालीच्या काठी पूर्ण पाच मिनिटं उभा राहिला. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीसुद्धा तो इतका वेळ एका जागी उभा राहिला नव्हता, असं ती नंतर सांगायची.

पण नाक सरळ वाटेनं परत आलं नाही. पुढचे काही महिने वास आले ते वाकडे आले. परतलेला कांदा रबर जळाल्यासारखा, चहा रॉकेलसारखा. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, साबणासारखी. निम्मी भाजी तिला गिळवत नव्हती. डॉक्टरीण म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे, नस जुळत आहे, तारा चुकीच्या ठिकाणी लागत आहेत. निर्मलाबाईनं ते मान्य केलं आणि सराव सोडला नाही. कांदा रबरासारखा लागला तर ती म्हणायची, "लागन. पन काहीतरी लागून राहिलं ना."

मागच्या वर्षी, कापणी संपल्यावर, एका दुपारी टीनानं नव्या चिन्नोराचा भात उतरवून झाकण काढलं. निर्मलाबाई पाठमोरी ताटं पुसत होती. ती वळली.  वाफेत चेहरा धरला आणि तशीच राहिली. वास पूर्वीइतका भरगच्च नव्हता, दुरून कोणीतरी हाक मारावी तसा होता. तिनं त्या दिवशी भाताबरोबर काही घेतलं नाही. कोरडा भात, वर चिमूट मीठ, एकेक शीत चावून. जागेश्वरला वाटलं, बाईचा उपास आहे.

आता निम्म्याहून जास्त वास परत आला आहे. सांबार अजून साबणच आहे, आणि बिडीचा वास तिला येत नाही. सेवकराम म्हणतो ही देवाची कृपा. चुलीचा ताबा टीनाकडं गेला तो गेलाच. निर्मलाबाईनं परत मागितला नाही. ती रस्सा पाहते, माणसं पाहते, आणि दुपारी ओट्यावर बसते.

गेल्या महिन्यात डॉक्टर प्रेरणांनी तिच्याकडं एक माणूस पाठवला. चंद्रकुमार, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसला आणि वास गेला. जेवणाची इच्छा गेली, वजन उतरलं. ते ओट्याच्या कडेला टोपी हातात धरून बसले. मुलीनं बळं पाठवलंय हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"लवंग-बिवंग घरी करून पाहिलं," ते म्हणाले. "काही होत नाही. जेवन म्हंजे कागद चावल्यासारखं."

"तुम्हाले कोनता वास आवडत होता जी?" निर्मलाबाईनं विचारलं.

"आवडाचं काय त्यात? नाक होतं, वास येत होता."

"मी बी असंच म्हनत होती. चहा घ्या. घाई नाही."

चहा आला. चंद्रकुमारांनी बशीत ओतला, फुंकला, प्यायले. बांधापलीकडं एक विमान उतरलं आणि पुन्हा उडालं. बऱ्याच वेळानं ते खाली पाहत, जरा ओशाळून म्हणाले, "डिझेल."

टीनानं तोंडाला पदर लावला. निर्मलाबाईनं तिच्याकडं डोळे वटारले.

"सकाळी डेपोत पहिली गाडी चालू केली का येते ना," चंद्रकुमार सांगू लागले, "थंडीत. इंजन गरम झालं नाही, कंडक्टर आला नाही. आपन एकटेच. तेव्हाचा."

"मंग लवंग सोडा," निर्मलाबाई म्हणाली. "डॉक्टरबाईले फोन करून विचारा, आन् ते हो म्हनली तं शिशीत फडकं भिजवून आना. झाकन घट्ट लावा. आन् माझ्या चुलीपासून दूर बसा."

चंद्रकुमार हसले.

दोन दिवसांनी ते शिशी घेऊन आले. ओट्याच्या पार टोकाला बसून झाकण उघडलं, वीस सेकंद धरलं. वास आला नाही. मान हलवून त्यांनी झाकण लावलं, आणि मग कोणी न विचारता सांगायला लागले. देवरीची सकाळची गाडी. एक म्हातारी दर मंगळवारी दोन कोंबड्या घेऊन चढायची आणि कोंबड्यांचं तिकीट काढणार नाही म्हणून कंडक्टरशी भांडायची. एकदा दोन्ही कोंबड्या सुटल्या आणि एक थेट स्टेअरिंगवर येऊन बसली.

समोर ट्रक थांबला, चार माणसं उतरली. निर्मलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मले रस्सा पाहाचा आहे," ती म्हणाली. "तुम्ही थांबू नका. मोठ्यानं सांगा, आत ऐकू येते."

आणि चंद्रकुमारांनी आवाज चढवला.